तुझे अठरा, माझे बारा

इग्नेस,

तुला जाऊन सोळा दिवस झाले आणि मी अजून चिडलेलीच आहे, हे आधी सांगून टाकते. गेलेल्या माणसावर चिडू नये, असं सुहास म्हणतो. माझा नवरा सगळ्यांशीच नीट वागतो, त्याला काय जातंय! आपण दोघं सहा वर्षं दर महिन्याला भांडलो, ते भांडण छापून आणलं, आणि ज्या एका दिवशी मी खरोखर भांडायला हवं होतं त्या दिवशी मी तुझ्याशी खोटं बोलले. नंतर नऊ दिवसांनी तू दुपारी जेवून जरा आडवा झालास तो उठलाच नाहीस. माफी मागायला निदान पुढच्या महिन्याचा रविवार तरी द्यायचास.

आता माझ्यासमोर तुझी चिठ्ठी आहे. चर्चमधल्या सातव्या दिवसाच्या मिस्सेनंतर तुझ्या बायकोने, फिलूबायने, ती माझ्या हातात ठेवली. तुझ्या त्या दिवशीच्या शर्टाच्या खिशात होती, शर्ट धुवायला टाकताना तिला सापडली. "छाप ही," ती म्हणाली. "त्याची शेवटची हाय." चिठ्ठीवर तुझ्या तिरक्या अक्षरात वाईनचं नाव, चार ओळी आणि खाली वीसपैकी अठरा गुण. आपल्या सदराचा मजकूर मासिकाला शनिवारी जायचाय. 'तो म्हणतो'च्या खाली तुझ्या या चार ओळी जशाच्या तशा जातील, त्यात प्रश्नच नाही. प्रश्न आहे तो 'ती म्हणते'च्या खाली मी काय लिहायचं याचा. तुला सांगितलं ते, की खरं?

तुझी-माझी ओळखच मुळी अपमानाने झाली. विमा कंपनीतली नोकरी लवकर सोडून मी पूनम सागर सोसायटीतल्या घरात बसले होते आणि वेळ जायला म्हणून एका छोट्या मासिकात खाण्यापिण्यावर लिहीत होते. नाताळच्या गोडधोडावर लिहायला उत्तनला आले, तेव्हा कुणीतरी तुझं घर दाखवलं. बावीस वर्षं मोठमोठ्या बोटींवर वाईन वाढलेला माणूस, एवढंच कळलं होतं. तू घरी केलेल्या द्राक्षांच्या वाईनचा ग्लास माझ्या हातात दिलास आणि विचारलंस, "कसा वास येतोय?"

मी म्हटलं, "छान."

"छान हा काय वास हाय, मॅडम? छान तर माझी मावशी पण हाय."

मला इतका राग आला की मी ग्लासात पुन्हा नाक खुपसलं आणि जे आलं ते बोलून टाकलं. वर गुळाची ढेप, आणि खाली ओलं गोणपाट. बोलल्यावर मीच घाबरले, कारण वाईन तुझ्या घरची होती. तू मात्र असा खूश झालास की फिलूबायला हाक मारून बाहेर बोलावलंस. "बघ, मी सांगत होतो ना, यंदा पिंप नीट धुतलं न्हाय!" त्याच दिवशी तू मला "अहो-जाहो बंद" म्हणून बजावलंस. माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठ्या माणसाला मी अरे-तुरे करते, हे सासूबाई असत्या तर त्यांना कसं सांगितलं असतं कोण जाणे.

मग सुरू झालं ते सदर. थंड मुलखातल्या वाईनच घ्यायच्या, हा हट्ट तुझा. तुझी पुतणी जर्मनीत नर्स, बोटीवरचे जुने सोबती कुठे कुठे पसरलेले, त्यांच्यापैकी कुणी आलं की दोन बाटल्या यायच्या. मी म्हणायचे, अरे, नाशिकच्या घेऊ, वाचकाला मिळतील तरी. तू म्हणायचास, "गरम गावची वाईन दारातूनच हाक मारते. थंड गावच्या वाईनजवळ आपण जायला लागतं." तुला ते जवळ जाणं आवडायचं. खरं सांगू, मलाही आवडायला लागलं. पन्नाशीपर्यंत मी कशाच्याच इतकी जवळ जाऊन बसले नव्हते.

पद्धतही तुझीच. दोघांनी एकाच वेळी चाखायचं, एकमेकांकडे बघायचं नाही, आपापलं मत चिठ्ठीवर लिहून, घडी घालून ग्लासच्या बुडाखाली ठेवायचं. दोन्ही ग्लास रिकामे झाले की चिठ्ठ्या उघडायच्या. मग भांडायचं. आणि मासिकात दोन्ही मतं छापायची, समेट न करता. संपादकांनी सुरुवातीला एकदा विचारलं होतं, की शेवटी एक निर्णय दिला तर वाचकाला बरं पडेल का. तू फोन माझ्या हातातून घेऊन सांगितलंस, "साहेब, दोन नाकं हायेत. निर्णय एक कसा येईल?"

जागेचा घोळ मात्र आपल्याला कधी सुटला नाही. चाखायच्या खोलीत दुसरा वास नको, असं तू म्हणायचास, आणि राहायचास उत्तनला, जिथे हिवाळाभर बांबूंवर बोंबील वाळत असतात. मग हिवाळ्यात माझ्या घरी बसायचं ठरलं, तर अकरा वाजले की शेजारच्या मीनाबेनची हिंगाची फोडणी भिंतीतून आत यायची. मासे ठेवायच्या थर्माकोलच्या खोक्यात बर्फ घालून तू बाटल्या आणायचास. खोकं कितीही धुतलं तरी लेबलला पापलेटचा वास यायचा. लिफ्टमध्ये मीनाबेननी विचारलं, "इसमें क्या है, भाभी?" तर मी म्हटलं, "सिरका." दर महिन्याला एवढा सिरका लागणारं घर म्हणून त्या माझ्याकडे अजून आदराने बघतात.

तुझं खरं प्रेम मोझेलवर, जर्मनीतल्या त्या नदीकाठच्या वाईनवर. बोट हॅम्बुर्गला लागली असताना तू आणि तुझा एक स्वयंपाकी मित्र तीन दिवसांची सुट्टी काढून आगगाडीने तिथे गेला होतात, ही गोष्ट मी किमान वीसदा ऐकली. वळणं घेणारी नदी, आणि दोन्ही काठांना इतके उभे चढ की द्राक्षाच्या वेलींच्या काठ्या धरून चढावं लागतं. पायाखाली माती नाही, काळ्या दगडाच्या चिपा. पाय सरकायचा. दिवसभर त्या चिपा तापतात आणि संध्याकाळी वेलींना ऊब देत राहतात, म्हणून त्या थंडीत द्राक्ष पिकतं. वर एका म्हातारीने तुम्हाला तिची रीसलिंग, तिथल्या पांढऱ्या द्राक्षांची वाईन, पाजली. भाषा येत नव्हती, म्हणून तू नुसता छातीवर हात ठेवून उभा राहिलास. हे सांगताना दर वेळी तुझा हात छातीवर जायचा.

त्या वाईनबद्दल मी पहिल्यांदा लिहिलं, तेव्हा एका परदेशी मासिकातून शब्द उचलले होते. 'एल्डरफ्लॉवरचा सुगंध.' तू वाचलंस आणि चष्म्यावरून बघितलंस. "हे झाड कुठं पाह्यलंस तू? पूनम सागरच्या गार्डनमध्ये?" मी म्हटलं, तज्ज्ञ तसंच लिहितात. "तज्ज्ञांना लिहू दे. तू तुझ्या नाकाने लिही." मग मी पुन्हा वास घेतला आणि मला माझी शाळा आठवली. दगडी पाटी, ती थुंकी लावून पुसायची, आणि मग पाटीला जो वास यायचा तो. घाबरत घाबरत सांगितलं. तू टेबलावर हात आपटलास. तो डोंगर ज्या दगडाचा आहे तो पाटीचाच दगड, हे मला तेव्हा ठाऊकसुद्धा नव्हतं. त्या दिवसापासून आपल्या सदरात रायआवळा आला, कैरीची साल आली, पाटी-पेन्सिल आली. माझ्या लिहिण्यात जे काही माझं आहे ते त्या दिवशी सुरू झालं, इग्नेस. हे तुला कधी म्हटलं नाही. तू लगेच फुगला असतास.

आणि रॉकेलची फजिती. तू पुतण्याच्या लग्नाला वसईला गेला होतास आणि मला एकटीला एक जुनी रीसलिंग चाखून मजकूर पाठवायचा होता. बाटली उघडली तर भपकन रॉकेलचा वास. मला वाटलं, झालं! बाटल्या तू घरातल्या खालच्या थंड खोलीत ठेवायचास, जिथे तुझ्या भावाची जाळी आणि होडीच्या डिझेलचे डबे असायचे. मी सरळ लिहिलं की साठवणीतल्या चुकीने बाटलीला डिझेल लागलं आहे, गुण देता येत नाहीत. छापूनही आलं. तुझा भाऊ आंतोन मासिक घेऊन माझ्या घरी हजर. "माझे डिझेलला कशाला नाव ठेवता? बूच लावलेला हाय, डबा पॅक हाय!" मग तू ते वाचलंस आणि हसून हसून खाली बसलास. रीसलिंग जुनी झाली की तिला तो वास येतोच, जाणकार त्यासाठीच ती ठेवतात, हे तू मला तेव्हा सांगितलंस. मी म्हटलं, पुढच्या अंकात माझी चूक कबूल करते. पण पुढच्या अंकात 'तो म्हणतो'च्या खाली तूच लिहिलंस, की हिला ही गोष्ट सांगायची राहिली, दोष माझा. मी भांडले, की माझी चूक तू का घेतोस. तू म्हणालास, "शिकवणारा मी. मग चूक कोणाची?"

हे सगळं लांबवते आहे, कळतंय मला. त्या दिवसावर यायला नको वाटतंय.

तर त्या रविवारी पुतणीने आणलेल्या मोझेलच्या दोन बाटल्यांपैकी एक आपण तुझ्या माडीवर उघडली. त्याच म्हातारीच्या गावची, म्हणून तू सकाळपासून नवा शर्ट घालून बसला होतास. ग्लास भरले. तेवढ्यात खाली फिलूबाय कुणाशी तरी बोलायला बाहेर गेली आणि तव्यावरचा सुका जवळा करपला. क्षणात धूर वर आला. माझ्या डोळ्यांत पाणी, मी खोकत खिडक्या उघडायला धावले. आणि तू तसाच बसला होतास. डोळे मिटून, नाक ग्लासात. आणि पुटपुटत होतास, "मध... जर्दाळू... ओली पाटी..." आणि लिहीत होतास.

ज्या माणसाला माडीवरून खालच्या फोडणीत मोहरी जास्त झालेली कळायची, त्याला करपलेला जवळा आला नाही. मी खिडकीपाशी उभी राहिले आणि मागचे काही महिने मला एकदम दिसायला लागले. तू हल्ली ग्लास हुंगण्याआधी लेबल वाचायचास. माझ्या तोंडून आधी एखादा शब्द निघावा म्हणून थांबायचास. तुझ्या चिठ्ठ्यांवर तेच तेच शब्द यायला लागले होते, आणि मी त्याला म्हातारपणीचा हट्टीपणा समजत होते. तुझं नाक गेलं होतं, इग्नेस. तू त्या ग्लासातली वाईन सांगत नव्हतास. तू ती चढावरची वाईन सांगत होतास.

धूर गेल्यावर मी दुसरा ग्लास भरून घेतला आणि नीट चाखला. आंबट हिरवं सफरचंद, जरासा लिंबू, आणि मग पाणी. मध नव्हता. जर्दाळू नव्हता. पाटी तर शोधूनही सापडली नाही. ते वर्ष तिथे वाईट गेलं असेल, किंवा त्या घरात आता दुसरंच कुणी वाईन करत असेल. मी चिठ्ठीवर बारा लिहिले.

तू तुझी चिठ्ठी उघडून वाचलीस. अठरा. तुझा हात छातीवर होता. मग म्हणालास, "तुझी दाखव." आणि मी चिठ्ठी मुठीत चुरगाळली आणि हसत म्हटलं, "सेम. अठरा. मध, जर्दाळू, सगळं सेम."

तू माझ्याकडे बघितलंस. सहा वर्षांत आपलं एकदाही जुळलं नव्हतं, अर्ध्या गुणाचा तरी फरक असायचाच. मी तुला खूश करायला निघाले होते आणि तुझा चेहरा माझ्यासमोर विझला. तू चिडला असतास तर बरं झालं असतं. तू फक्त "बरं" म्हणालास, आपल्या चिठ्ठीची घडी घालून ती खिशात ठेवलीस आणि म्हणालास, "चल, जेवून घे." एरवी बसथांब्यापर्यंत भांडत यायचास, बस आली तरी खिडकीतून बोट दाखवत असायचास. त्या दिवशी नुसता उभा राहिलास. बस सुटताना मी हात केला, तूही केलास. ते आपलं शेवटचं.

मला तुझी कीव आली होती. हे लिहायलाही लाज वाटते. पहिल्या दिवशी तू माझं 'छान' ऐकून घेतलं नाहीस, म्हणून मी आज जी काही आहे ती आहे. आणि मी तुला काय दिलं, तर म्हाताऱ्या माणसाला समजूत घालतात तसं 'सेम.' तू मला विचारलं असतंस, तर मी सांगितलं असतं का? माहीत नाही. तू का विचारलं नाहीस? नाक गेलंय हे मला का सांगितलं नाहीस? मी तुला वास सांगितले असते, तू मला चढ सांगितला असतास. चाललं असतं आपलं. लोकांचं याहून कमीवर चालतं.

तू गेल्यावर मी आधी सोपं तेच केलं. तुझ्या चार ओळी टाईप केल्या, खाली 'ती म्हणते: संपूर्ण सहमत. अठरा' असं लिहिलं. सुहासला वाचून दाखवलं. त्याचे डोळे भरून आले. "छान श्रद्धांजली आहे," तो म्हणाला. मला मात्र ते वाचताना सारखं वाटत होतं, की हे कुणा तिसऱ्याच माणसाबद्दल चाललंय.

दुसरी बाटली फिलूबायने मला चिठ्ठीबरोबरच दिली होती. परवा ती उघडली. सकाळी साडेनऊला, मीनाबेनच्या फोडणीच्या आधी. देवाशपथ, इग्नेस, मला ती आवडायला हवी होती. मी तिला जितकी संधी दिली तितकी कुठल्याच वाईनला दिली नसेल. थंड चाखली, मग थोडी ऊब येऊ दिली, मग ग्लास बदलला. तुझा मध शोधला. अर्धी झाकून ठेवून काल पुन्हा चाखली. कालही बाराच. स्वयंपाकघरात उभं राहून मी रडले आणि मग बसून 'ती म्हणते' नव्याने लिहिलं.

पण फिलूबायला न दाखवता ते पाठवायचा धीर झाला नाही. तिला तुझं शेवटचं मत छापून हवं होतं, आणि मी त्याखाली ते खोडून काढणार होते. आज सकाळी उत्तनला गेले. ती ओट्यावर बसली होती, तुझी खुर्ची आत नेलेली होती. मी म्हटलं, आधी ऐक, मग नको म्हणालीस तर नाही पाठवत. तुझ्या ओळी वाचल्या. ती मान हलवत राहिली. मग माझ्या वाचल्या. हिरवं सफरचंद, लिंबू, पाणी. 'तो म्हणतो ती वाईन मी चाखलेली नाही, ती त्याने चाखली आहे, आणि त्याचा शब्द मी मानते. पण या बाटलीत ती नाही. बारा.'

तिने मान वळवून आतल्या तुझ्या खुर्चीकडे बघितलं. मग म्हणाली, "त्या दिवशी जवला करपला. त्याला वास न्हाय आला."

"तुला माहीत होतं?"

"मी बायको हाय त्याची. पावसाच्या आधीपासून न्हाय येत होता. मला बोलला न्हाय, मी विचारला न्हाय." तिने पदराने नाक पुसलं. "त्या दिवशी तू गेल्यावर जेवला न्हाय नीट. मी म्हटला, काय झाला? तर बोलतो, आज भांडली न्हाय ती."

तिने माझ्या हातातला कागद घेतला, वाचता येत नसल्यासारखा लांब धरून वाचला, शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "बारा," ती म्हणाली. "लय चिडला असता." आणि मग तू गेल्यापासून पहिल्यांदा ती हसली. "पाठव. असाच पाठव."

तर पाठवते आहे. आपल्या सहा वर्षांतला हा सगळ्यात मोठा फरक आहे, सहा गुणांचा. मध नाही, जर्दाळू नाही, पाटी नाही. तू कितीही टेबल आपट, मी बारावरून हलणार नाही.

बोल आता.